पाठीवरचे पट्टे

पासपोर्ट फोटो काढायचाय, असं सांगून बाई पहिल्यांदा माझ्या दुकानात आल्या. मी पडदा सरकवला, स्टूल पुसलं, दिवे लावले. पण त्या काही बसेनात. त्यांनी पिशवीतून औषधाची एक बारकी बाटली काढली, काउंटरवर ठेवली आणि म्हणाल्या, "हिचा. पाठ नीट दिसली पाहिजे."

बाटलीत माशी होती.

वडवणीच्या बाजारात माझा फोटो स्टुडिओ होता. लग्नं, बारशी, शाळेचे ग्रुप, फॉर्मला लावायचे फोटो, एवढंच माझं काम. मी म्हणालो, "बाई, इतकं बारीक माझ्या कॅमेऱ्यात येणार नाही."

"भिंग काढा आन उलटं धरा. तोंड आतल्या बाजूला."

धरलं. माशीच्या पाठीवरचा एकेक केस उभा राहिलेला दिसला. बारा वर्षं मी तो धंदा करत होतो आणि ही गोष्ट मला विज्ञानाच्या एका बाईंनी शिकवली. पुढची आठ-नऊ वर्षं मी त्यांचा फोटोग्राफर होतो. तसं त्यांनी कधी विचारलं नाही आणि मीही कधी नाही म्हटलं नाही.

त्यांचं माहेर घाटनांदूरचं. नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळेत, निरनिराळ्या गावांत. रिटायर झाल्यावर त्या वडवणीत दोन खोल्या घेऊन एकट्याच राहिल्या. नवरा होता, लातूरला होता, यापलीकडे त्या विषयावर त्यांनी मला काही सांगितलं नाही. साडीवर पुरुषी पांढरा शर्ट घालायच्या, पूर्ण बाह्यांचा. शेतात कामाला जाणाऱ्या बाया घालतात तसाच, पण बाई तो घालून बँकेतही जायच्या. हातात काळी छत्री. ती छत्री त्यांनी स्वतःच्या डोक्यावर धरलेली मला आठवत नाही. माशी बसलेल्या पानावर सावली पडावी म्हणून त्या छत्री माशीवर धरायच्या आणि स्वतः उन्हात उभ्या राहायच्या.

जिवंत माशीचा फोटो काढायची त्यांची एक पद्धत होती. माझ्या शेजारी रसवंती होती. बाई बाटली घेऊन यायच्या आणि थेट रसवंतीच्या बर्फाच्या पेटीत ठेवायच्या. गार झाली की माशी सुस्तावते, मेलेली नसते पण उडतही नाही. मग दोन मिनिटं मिळतात. तेवढ्यात पाठ, कूस आणि तोंड असे तीन फोटो. रसवंतीवाला पहिल्या दिवशी भडकला. "बाई, गिऱ्हाईक रस पितंय हितं." बाई म्हणाल्या, "मग त्यांना सांगू नका." नंतर नंतर तोच येऊन सांगायचा, "तुमची उठायला लागली, चला बिगीबिगी."

माश्याच का, असं मी एकदा विचारलं. "फुलपाखरावर समदेच बोलत्यात," त्या म्हणाल्या.

पण सगळ्या माश्यांत त्यांना रस नव्हता. दुसऱ्या किड्याच्या अंगात आपलं पोर वाढवणारी माशी, परोपजीवी माशी, हा त्यांचा विषय. ती अळीच्या अंगावर अंडं चिकटवते, अंड्यातून निघालेलं पिल्लू अळीच्या आत शिरतं आणि तिला आतून खाऊन मोठं होतं. हे त्या इतक्या प्रेमाने सांगायच्या की ऐकणाऱ्याला चहा जायचा नाही. एकदा चिंचवणकडच्या एका शेतकऱ्याने मोबाईलवर फोटो आणला. तुरीवर माश्याच माश्या, फवारायला निघाला होता. बाईंनी फोटो बघितला, फोन परत दिला आणि म्हणाल्या, "फवारा खाली ठिवा. ही तुमच्या घाटेअळीवर बसायला आलीय. बिनपगारी गडी हाय तुमचा, त्याला कावून मारताय?" तो शेतकरी चार दिवसांनी मेलेल्या अळ्यांचा फोटो घेऊन आला. बाईंनी तो भिंतीवर लावला. घरात देवाशिवाय तेवढाच फोटो होता.

त्यांच्याकडे उत्तरं तीनच. "हाय", "न्हाई" आणि "कळत न्हाई". शाळेत असताना म्हणे त्या कोऱ्या उत्तराला शून्य द्यायच्या, ठोकून दिलेल्या उत्तराला शून्य द्यायच्या आणि 'मला माहीत नाही' असं लिहिलं तर अर्धा मार्क द्यायच्या. हेडमास्तरांनी विचारलं, हे कुठल्या नियमात बसतं? बाई म्हणाल्या, "खरं लिहिलंय. खऱ्याला काहीच द्यायचं न्हाई का?"

फोटो धूसर असला, उजेड मागून असला, पाठ दिसत नसली, की त्या फोन उलटा करून हातात द्यायच्या. "पाठ दाखवा, मग बोलू." तालुक्यात हे वाक्य इतकं पसरलं की लोक एकमेकांना उधारीवरूनही तसं म्हणायला लागले.

मग दुष्काळ आला. पहिल्या वर्षी विहिरी आटल्या, दुसऱ्या वर्षी ऊस गेला, तिसऱ्या वर्षी टँकर हाच गावाचा पाणवठा झाला. उसाला पाणी नव्हतं, पण तुतीला कमी लागतं, म्हणून लोक तुतीकडे वळले. तुतीचा पाला घालून रेशमाच्या अळ्या वाढवायच्या आणि कोष विकायचे. आमच्या भागातल्या पन्नासेक कुटुंबांनी मिळून रेशीम उत्पादकांची सहकारी संस्था काढली. संस्था लहान अळ्या वाढवून सभासदांना हप्त्याहप्त्याने द्यायची, सभासद त्या आपापल्या शेडमध्ये मोठ्या करायचे. त्या कोरड्या वर्षांत ज्यांच्या घरी चूल पेटली ती या अळ्यांवर.

या अळ्यांची वैरीण म्हणजे उझी माशी. तीही परोपजीवीच. अळीच्या अंगावर अंडं घालते, पिल्लू आत शिरतं तिथं काळा डाग पडतो, आणि पुढे ते कोष फोडून बाहेर येतं. फुटलेल्या कोषाचा धागा निघत नाही. शेडमध्ये उझी शिरली की सभासदाची झोप जायची. आणि शेडमध्ये दिसणारी प्रत्येक माशी उझी नसते, हे सांगणारं तालुक्यात एकच माणूस होतं.

बाईंच्या ओसरीवर सकाळपासून माणसं बसायला लागली. हातात फोन, फोनमध्ये माशी. बाई चष्मा लावून एकेक बघायच्या. उझीच्या पाठीवर चार काळे पट्टे असतात. तशीच दिसणारी एक करडी माशी असते, मेलेल्या जनावरावर, शेणावर येणारी. तिच्या पाठीवर तीन. तीन की चार, एवढ्यावर एखाद्याचं पीक राहायचं किंवा जायचं. बाई सांगतील ते संस्थेत शेवटचं. चेअरमन मोठे बागायतदार, राजकारणातले, तालुक्यात कुणाचं न ऐकणारे. तेसुद्धा फोन करायचे, "बाई, बघून सांगा तेवढं."

मी बघत होतो. बाईंचा फोटो बघायचा वेळ हळूहळू कमी होत होता. आधी पाच मिनिटं, मग एक, मग नुसती नजर टाकली की उत्तर. लोकांना तेच आवडायचं. मलाही आवडायचं, खरं सांगतो. आपण एका हुशार माणसाच्या जवळचे आहोत असं वाटायचं.

एका सकाळी चेअरमन स्वतः आले. बरोबर दहा-बारा सभासद. त्यांच्या हातात फोटो होता, गयाबाईच्या शेडमधला. गयाबाई धनगर वस्तीवरची. नवरा मेंढरं घेऊन गोदावरीच्या कडेला गेलेला, कारण इकडे चारा नव्हता. ती चार मेंढ्या, दोन पोरी आणि एक एकर तुती घेऊन मागे राहिलेली. संस्थेतल्या काही शेडमध्ये अळ्यांवर काळे डाग निघाले होते आणि उझी कुठून आली याचा शोध चालला होता. कुणीतरी म्हणालं, मेंढरांपाशी माश्या असतातच, तिकडूनच आली असणार.

फोटो संध्याकाळच्या उजेडात काढलेला, हललेला. बाईंनी फोन हातात घेतला. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते. पाच सेकंद झाली असतील.

"उझी हाय," बाई म्हणाल्या.

दुपारी गयाबाईच्या अळ्या खड्ड्यात घालून वर चुना टाकला. कोष करायला चार दिवस राहिलेल्या अळ्या. संस्थेने पुढच्या हप्त्याला तिला अळ्या द्यायच्या नाहीत असंही ठरवलं.

आठवड्याने गयाबाई माझ्या दुकानात आली. वहीच्या कागदाची पुडी काउंटरवर उलगडली. आत तिच्या शेडमधल्या सहा-सात मेलेल्या माश्या.

"दादा, ह्यातल्या एकीचा मोठा फोटू काढून दे."

"कशाला गं?"

"ज्यानं माझं खाल्लं त्याचं तोंड तर बघू दे मला."

मी भिंग उलटं धरलं आणि फोटो काढले. ती बाहेर पायरीवर बसली होती. कॉम्प्युटरवर पाठ मोठी केली आणि मोजलं. तीन. दुसरीचा काढला. तीन. सगळ्या काढल्या. तीन, तीन, तीन.

मी तिला तोंडाचा फोटो छापून दिला. पाठीबद्दल बोललो नाही. ती फोटो बघत म्हणाली, "डोळे तांबडेत की." आणि निघून गेली.

चौथ्या दिवशी पाठीचा फोटो मोठ्या कागदावर छापून मी बाईंकडे गेलो. ओसरी रिकामी होईपर्यंत थांबलो. त्यांनी कागद घेतला आणि बघताक्षणी म्हणाल्या, "शेणावरची. तीन पट्टे. कुणाच्या शेडमधली?"

"गयाबाईच्या."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. चेअरमननी आणलेला फोटो त्या दिवशी माझ्या फोनवरही आला होता, तो मागितला. जवळ धरला, लांब धरला, दाराच्या उजेडात नेला. बराच वेळ गेला.

"ह्यातनं कळत न्हाई," त्या म्हणाल्या. "हे मी तवा म्हणायला पायजे होतं." मग उठून शर्ट चढवला. "गाडी काढा."

वस्तीवर पोचलो तेव्हा गयाबाई तुतीचा पाला तोडत होती. अळ्या नव्हत्या तरी तोडत होती, मेंढ्यांना घालायला. बाई आधी शेडमध्ये गेल्या. खिडकीच्या जाळीपाशी मेलेल्या माश्या पडल्या होत्या, त्या एकेक उचलून बघितल्या. जाळीवरून हात फिरवला, कुठे फाटली आहे का. धड होती. मग बाहेर येऊन विचारलं, "गयाबाई, तुमच्या अळ्यांच्या अंगावर काळे डाग होते का?"

"एक न्हवता."

"नीट आठवा."

"रोज दोन टायमाला पाला घालत होते, मला आठवायला काय लागतंय. त्या दिशी समद्यास्नी सांगत होते, डाग न्हाई, डाग न्हाई. कुणी इचारलंच न्हाई. बाईनी सांगितलंय म्हणले."

बाई तशाच उन्हात उभ्या होत्या. छत्री मिटलेली हातात.

"माझं चुकलं," त्या म्हणाल्या. "माशी उझी न्हवती. मी न बघता बोलले. तुमच्या अळ्या चांगल्या होत्या."

गयाबाई त्यांच्याकडे वळली. हातातला पाला खाली ठेवला नाही. "चुकलं म्हणल्यावर माघारी येत्यात का त्या?"

"न्हाई."

"मग हुबं राहून काय करता? पाला तोडू लागा."

बाईंनी छत्री बांधावर ठेवली आणि पाला तोडायला लागल्या. मी पण लागलो. दीड तास तोडत होतो. निघताना गयाबाईनेच पाणी दिलं, टँकरचं, तांब्याभर. त्या दिवसांत तांब्याभर पाणी देणं म्हणजे काय ते आमच्याकडच्या माणसाला सांगावं लागत नाही.

पुढचे आठ दिवस बाई मला घेऊन प्रत्येक शेडवर गेल्या. नजर टाकून उत्तर देणं बंद. प्रत्येक माशी गार करायची, तीन फोटो, पट्टे मोजून वहीत लिहायचे, खाली माझीही सही. चार पट्ट्यांची माशी आम्हाला सापडली ती संस्थेच्या गोदामात. बाहेरून आणलेले कोष तिथे ढीग लावून ठेवले होते, त्यातून उझी निघत होती, आणि खिडकीला जाळी नव्हती. गोदामाच्या सगळ्यात जवळच्या तीन शेडमध्ये काळे डाग होते. गयाबाईची शेड तिथून दोन कोस लांब.

संस्थेची सभा मारुतीच्या देवळासमोरच्या मंडपात होती. चेअरमन मध्यभागी. बाईंनी दोन फोटो देवळाच्या भिंतीला लावले, दाराएवढे मोठे छापून घेतलेले, एक तीन पट्ट्यांचा, एक चार. म्हणाल्या, "मोजा." बसलेली माणसं बोटं नाचवत मोजायला लागली. मग त्यांनी कुठली माशी कुठं सापडली ते सांगितलं, आणि गयाबाईच्या अळ्या आपल्या चुकीमुळे गेल्या हेही सांगितलं. आवाज वर्गात असायचा तसाच, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा.

चेअरमन हसून म्हणाले, "बाई, झालं ते झालं. तुमच्याकडं कुणी बोट दाखवलंय का? मग आपणच कावून उकरायचं?"

"मीच दाखवतेय की बोट. गयाबाईला येत्या हप्त्याच्या पयल्या अळ्या द्या, संस्थेच्या खर्चानं. आन गोदामाला उद्या जाळी बसवा."

"गोदामाचं बघू सवडीनं. आन तिला दिलं तर उद्या समदेच मागतील."

"ज्यांच्या चांगल्या अळ्या आपण पुरल्या, त्यांनी मागावं. तसं एकच हाय."

"आन न्हाई दिलं तर?"

"तर ह्या तालुक्यातल्या एकाही माशीचं नाव मी सांगणार न्हाई. आन कावून सांगत न्हाई, ते जो फोटो घेऊन येईल त्याला बसवून सांगीन."

चेअरमन इकडे तिकडे बघायला लागले. मागच्या रांगेतला एक म्हातारा सभासद, ज्याच्या शेडमध्ये डाग निघाले होते, तो गुडघ्यावर हात टेकून उठला. "चेअरमनसाब, माझ्या अळ्या गोदामानं खाल्ल्या आन मी धनगरणीला शिव्या घातल्या. द्या तिला. न्हाई दिलं तर माझ्यातल्या न्या." त्याच्यामागून दोघं उठले, मग पाच. चेअरमन हुशार माणूस. हवा कुठली ते त्यांना कळायचं. ठराव त्यांनीच मांडला, आपलीच कल्पना असल्यासारखा.

गयाबाईला अळ्या मिळाल्या. त्या हप्त्याच्या अळ्या कोषावर येईपर्यंत बाई रोज सकाळच्या एसटीने वस्तीवर जायच्या आणि पाला तोडू लागायच्या. महिना भरायच्या आत कोष तयार झाले, पांढरेफेक, एकही न फुटलेला. विकायला नेण्याआधी तिने त्यातले दोन बाईंच्या हातात दिले. बाईंनी कानाशी धरून हलवून बघितले आणि परत दिले. "तुमचे तुमी विका," म्हणाल्या.

पण मला जास्त आठवतं ते सभा झाल्यानंतरचं. आम्ही मोटारसायकलवरून परत येत होतो. फाट्यावर बाईंनी गाडी थांबवायला सांगितली. टपरीवर दोन चहा घेतले. मी खुशीत होतो. सभा कशी झाली, चेअरमनचं तोंड कसं झालं, हे बोलत होतो. बाई ऐकत नव्हत्या.

"फोटोवाले, तीन पट्टे हायेत हे तुमाला कवा कळलं?"

"गयाबाई पुडी घेऊन आली त्याच दिवशी."

"आन माझ्याकडं कवा आलात?"

"चौथ्या दिवशी."

"मधले तीन दिवस काय केलं?"

मी खरं सांगितलं. "भीत होतो."

"चेअरमनला?"

"तुम्हाला."

त्यांनी कप बाकड्यावर ठेवला. समोरून वडवणीची एसटी आली, थांबली, माणसं उतरली, गेली. बाईंच्या तोंडाकडे मला बघवेना. सभेत एवढ्या माणसांसमोर चूक कबूल करताना त्यांचा आवाज हलला नव्हता. आता तो शेवटच्या बाकापर्यंत जाणारा नव्हता.

"माशी वळखायला चुकले ते बारकं," शेवटी म्हणाल्या. "माणसं मला भ्यायला लागली आन मला ते दिसलं न्हाई, हे मोठं." मग पदराने कपाळ पुसलं आणि नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "उद्या दुकान उघडलं की चार माश्यांचे फोटो मोठे करून लावा. मी तोंड उघडायच्या आधी कुठली माशी ते तुमी सांगायचं. रोज."

दुसऱ्या दिवशी मी चार फोटो लावले. दोन माझे चुकले. एक त्यांचा चुकला, आणि तो चुकलाय हे मी त्यांना तिथल्या तिथं सांगितलं.